हातात दिलेले पिस्तूल आणि त्याची जबाबदारी

चित्रीकरणाच्या वेळी चुकून सुटलेल्या गोळीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : मी अनेक वर्षे हौशी रंगभूमीवर काम करतो. नटाच्या हातात पिस्तूल दिले जाते, ते निर्धोक असल्याचे त्याला सांगितले जाते आणि तो संहितेप्रमाणे वागतो. त्यातून कोणी दगावले, तर नटावर मनुष्यवधाचा खटला भरणे हा अन्याय नाही का? अमेरिकन नट अॅलेक बाल्डविन यांच्यावरचा खटला रद्द झाला, म्हणजे न्यायालयानेही हेच मान्य केले असे मी समजतो.

उत्तर : आपल्या पत्राच्या उत्तरार्धापासून सुरुवात करतो, कारण तो समज फार पसरलेला आहे. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे शहराजवळच्या बोनान्झा क्रीक रँचवर, ‘रस्ट’ या चित्रपटातील चर्चच्या प्रसंगाची तयारी चालू असताना बाल्डविन यांच्या हातातील रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली. तिने छायालेखिका हलिना हचिन्स यांचा जीव घेतला आणि दिग्दर्शक जोएल सूझा यांना जखमी केले. हचिन्स बेचाळीस वर्षांच्या होत्या. बाल्डविन यांच्यावर हेतू नसलेल्या मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला, एप्रिल २०२३ मध्ये तो मागे घेतला गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा ठेवला गेला. अखेर जुलै २०२४ मध्ये, साक्षी चालू असतानाच, न्यायाधीश मेरी मार्लो सॉमर यांनी पुन्हा दाखल करता येणार नाही अशा रीतीने तो खटला निकालात काढला. काडतुसांसंबंधीचा काही पुरावा पोलिसांकडे येऊनही तो बचाव पक्षापुढे ठेवला गेला नव्हता, हे त्यामागचे कारण होते. हा निर्णय सरकार पक्षाच्या वागणुकीवरचा होता. नटाची जबाबदारी कुठवर पोहोचते, यावर ज्यूरीला मत देण्याची वेळच आली नाही, आणि म्हणून आपण ज्या तत्त्वावर शिक्कामोर्तब झाल्याचे समजता, ते त्या खटल्यापुरते तरी अनिर्णितच राहिले.

आता मूळ प्रश्न. फौजदारी कायद्याला साधी चूक पुरत नाही. न्यू मेक्सिकोच्या कायद्यात हेतू नसलेल्या मनुष्यवधासाठी, पुरेशी सावधगिरी न बाळगता केलेले कृत्य लागते, आणि तेथील न्यायालये त्याचा अर्थ असा लावतात की दुसऱ्याच्या सुरक्षिततेची पर्वा न करण्याइतकी ती हयगय गंभीर असली पाहिजे. आपल्या कृतीतून धोका उद्भवतो हे त्या माणसाला कळत होते किंवा कळायला हवे होते का, हा कळीचा मुद्दा असतो. नटाच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद येथे बळकट आहे. अमेरिकेतील नटांच्या संघटनेने स्पष्ट भूमिका घेतली होती की नट हा शस्त्रतज्ज्ञ नसतो, तज्ज्ञ नेमणे हे निर्मात्याचे काम आहे आणि तज्ज्ञाच्या शब्दावर नटाने विसंबणे यात गैर काही नाही. सरकारी वकिलांचे म्हणणे असे की शस्त्र हातात घेणाऱ्याचे कर्तव्य ते हातात येताच सुरू होते. दुसऱ्या कोणी तपासले आहे एवढ्याने ते संपत नाही.

मला दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या वाटतात. सहा काडतुसांपैकी कोणते जिवंत आणि कोणते डमी, म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे पण दारू नसलेले, हे ओळखण्याची अपेक्षा नटाकडून करणे अवास्तव आहे. पण दोन गोष्टी कोणताही तज्ज्ञ नटासाठी करत नाही : नळी कोणाच्या दिशेने वळवायची आणि चाप दाबायचा की नाही. या दोन गोष्टी त्याच्याच हातात असतात. बाल्डविन यांनी आपण चाप ओढलाच नाही असे सातत्याने सांगितले, तर चाप ओढल्याशिवाय बार होऊ शकत नव्हता असे सरकार पक्षाच्या तज्ज्ञांचे मत होते. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्या क्षणी कॅमेरा चालू नव्हता. चौकट कशी दिसते एवढेच पाहायचे होते. त्यासाठी रबराचे पिस्तूलही पुरले असते. चालणारे शस्त्र तेथे मुळात कशाला हवे होते, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणाच्या जबानीत सापडलेले नाही.

त्या दिवशी इतरांनी काय केले, तेही पाहायला हवे. सेटवरील शस्त्रांची जबाबदारी असलेल्या हॅना गुटिएरेझ-रीड शस्त्रांबरोबरच रंगसाहित्याचेही काम सांभाळत होत्या, आणि त्यांच्या देखरेखीखालील साहित्यात एकूण सहा जिवंत काडतुसे निघाली. मार्च २०२४ मध्ये ज्यूरीने त्यांना हेतू नसलेल्या मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले आणि पुढच्या महिन्यात त्यांना त्या कलमाखालची कमाल शिक्षा, म्हणजे अठरा महिन्यांची कैद, झाली. प्रथम सहायक दिग्दर्शक डेव्हिड हॉल्स यांनी घातक शस्त्र हयगयीने हाताळल्याच्या आरोपाला आव्हान दिले नाही आणि त्यांना सहा महिन्यांची देखरेखीविना परिवीक्षा (प्रोबेशन) मिळाली. पिस्तूल त्यांना दाखवले गेले तेव्हा आपल्याला तीनच काडतुसे पाहिल्याचे आठवते, सगळी तपासायला हवी होती आणि ती आपण तपासली नाहीत, असे त्यांनी तपास अधिकाऱ्यांना सांगितले. पिस्तूल ‘कोल्ड’, म्हणजे निर्धोक, असल्याचे पुकारले गेल्याची नोंद तपासाच्या शपथपत्रात आहे. ती तीन न पाहिलेली काडतुसे माझ्या मनातून जात नाहीत. चक्री आणखी अर्धी फिरवायला किती वेळ लागतो?

म्हणून मी आपल्या मूळ म्हणण्याशी अर्धवटच सहमत आहे. नटाला एकट्याला पुढे करणे अन्यायाचे आहे. त्याला यादीतून पूर्णपणे वगळणेही तितकेच अन्यायाचे आहे. एकाने तपासले म्हणून दुसऱ्याची तपासणी माफ होत नाही, असा सेटचा नियम असतो, आणि प्रत्येक जण आधीच्या माणसाने तपासले असेल असे धरून चालला की हा नियम कोसळतो.

प्रश्न : ब्लँक काडतुसात गोळी नसते असे ऐकले आहे. मग अशा काडतुसांनी माणसे मरतात कशी? की दरवेळी कोणीतरी चुकून खरी गोळीच भरते?

उत्तर : खरी गोळी भरली जाणे हे एक कारण झाले, पण गोळी न भरताही मृत्यू झालेले आहेत. ब्लँकमध्ये दारू असते आणि ती पेटते, म्हणूनच पडद्यावर जाळ आणि आवाज मिळतो. नळीच्या तोंडाशी त्या वायूचा दाब इतका प्रचंड असतो की अगदी जवळून तो हाड फोडू शकतो. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या सव्वीस वर्षांच्या अमेरिकन नटाने ‘कव्हर अप’ या मालिकेच्या सेटवर चित्रीकरण खोळंबले असताना ब्लँक भरलेले रिव्हॉल्व्हर स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला. त्या धक्क्याने कवटीचा तुकडा मेंदूत घुसला आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

नट ब्रँडन ली यांचा मृत्यू अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि शस्त्रे हाताळणाऱ्यांनी तो नीट समजून घ्यावा असे मला वाटते. ३१ मार्च १९९३ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे ‘द क्रो’ चित्रपटाचे काम चालू होते. त्याआधीच्या एका दृश्यात रिव्हॉल्व्हर अगदी जवळून दिसायचे होते, त्यामुळे चक्रीत गोळी दिसेल अशी डमी काडतुसे हवी होती. ती खऱ्या काडतुसांतून दारू काढून तयार केली गेली, पण मागच्या बाजूची पेटवणारी टोपी, म्हणजे प्रायमर, जिवंतच राहिली. केवळ त्या टोपीच्या जोरावर एक गोळी पुंगळीतून निघून नळीत जाऊन अडकली आणि ते कोणाच्याही लक्षात आले नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरले गेले. ब्लँकमधील दारूने अडकलेल्या गोळीला मागून रेटा दिला आणि ती जवळजवळ खऱ्या गोळीच्याच वेगाने ली यांच्या पोटात शिरली. येथे ब्लँक भरणाऱ्याने ब्लँकच भरले होते. चूक आधीच्या दिवसांत झाली होती आणि नळीत वाट पाहत बसली होती. नळीतून आरपार उजेड दिसतो का, हे पाहण्याची सवय याच कारणासाठी लावलेली असते.

डमी आणि जिवंत काडतुसांमधला फरक कसा ओळखायचा, हेही सांगतो. चांगल्या डमी काडतुसात दारूऐवजी एक बारीक छर्रा टाकलेला असतो. कानाजवळ धरून हलवले की तो खुळखुळतो. काहींच्या पितळी पुंगळीला बाजूने भोक पाडलेले असते, काहींची टोपी काढून टाकलेली असते. जिवंत काडतूस खुळखुळत नाही. म्हणून प्रत्येक काडतूस एकेक करून हातात घ्यावे लागते.

प्रश्न : नुकसानभरपाई कोण देते? आणि फौजदारी खटला फसला, तर निर्मिती संस्था सहीसलामत सुटते का?

उत्तर : नाही. फौजदारी, दिवाणी आणि कामगार-सुरक्षेचा कायदा अशा तीन वाटा स्वतंत्र आहेत आणि एक बंद झाली म्हणून दुसरी बंद होत नाही. ली यांच्या प्रकरणात कोणावरही फौजदारी आरोप ठेवला गेला नाही. तरीही नॉर्थ कॅरोलायनाच्या सुरक्षा विभागाने निर्मिती संस्थेला ८४,००० डॉलरचा दंड केला, जो पुढे ५५,००० डॉलरवर आणला गेला, आणि ली यांच्या आईने लावलेल्या दिवाणी दाव्यात तडजोड झाली. ‘रस्ट’च्या बाबतीत न्यू मेक्सिकोच्या विभागाने १,३६,७९३ डॉलरचा, म्हणजे त्याला लावता येणारा कमाल दंड ठोठावला. त्या सेटवर आधीही शस्त्रांतून नको तेव्हा बार उडाले होते आणि वरिष्ठांना ते माहीत असूनही कामाची पद्धत बदलली गेली नव्हती, असा त्या विभागाचा निष्कर्ष होता. नंतर एक लाख डॉलरवर समेट झाला. हचिन्स यांच्या पतीने केलेल्या दाव्यातही ऑक्टोबर २०२२ मध्ये तडजोड झाली.

दंडाचा आकडा पाहून मला समाधान वाटत नाही. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी कॅमेरा विभागातील काही जणांनी कामाच्या परिस्थितीला कंटाळून काम सोडले होते. माणसे असे निघून जाऊ लागतात तेव्हा पैसा आणि वेळ वाचवण्याचे निर्णय कोण घेत होते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जायला हवा. पण बाल्डविन यांच्या खटल्यात, ते सहनिर्माते असूनही, निर्माता म्हणून त्यांची भूमिका ज्यूरीपुढे आणता येणार नाही, असे न्यायालयाने सुनावणीपूर्वीच ठरवले होते.

प्रश्न : ज्याच्या हातून हे घडते, त्याने स्वतःला काय सांगावे? बाल्डविन यांनी मुलाखतीत आपल्याला अपराधी वाटत नाही असे म्हटले, ते ऐकून मी अस्वस्थ झाले. त्याच वेळी, आमचा मित्रांचा छोटा गट लघुपट करतो आणि आमच्या पुढच्या कथेत बंदूक आहे. आम्ही काय काळजी घ्यावी?

उत्तर : आपली अस्वस्थता मला समजते. त्यांचे म्हणणे असे होते की या घटनेला कोणीतरी जबाबदार आहे, पण तो मी नाही. खटल्याच्या छायेत असलेला माणूस मोजून बोलतो. वकीलही त्याला तसाच सल्ला देतात, कारण उद्या प्रत्येक शब्द पुरावा ठरू शकतो. त्यामुळे जाहीर बोलण्यावरून आतले मन ओळखण्याची घाई मी करणार नाही. पण दोष आणि वाटा या दोन शब्दांत मराठीत जो फरक आहे, तो येथे उपयोगी पडतो. एखाद्याचा दोष नसेल, तरी घडलेल्या गोष्टीत त्याचा वाटा असतो, आणि वाटा मान्य केल्याने तो गुन्हेगार होत नाही. ली यांच्यावर ज्याच्या हातून गोळी सुटली, त्या नटावर कोणताही आरोप नव्हता. तरीही त्याने काही काळ काम थांबवले, आणि अनेक वर्षांनी एका मुलाखतीत, अशा गोष्टीतून माणूस कधी पुरता सावरत नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. त्या माणसाला कोणी दोषी म्हणू नये असे मला वाटते. आणि काहीच झाले नसल्यासारखे तो वागला असता, तर मला ते पटले नसते. ज्यांचे माणूस गेले, त्यांच्यापुढे जाऊन उभे राहणे, काय घडले ते खरेखरे सांगणे आणि त्यांनी भेटायला नकार दिला तर तोही स्वीकारणे, इतके तरी त्याच्या हातात असते.

आता आपला लघुपट. हॉलिवूडमध्ये निर्माते आणि कामगार संघटना यांची संयुक्त समिती सुरक्षेची पत्रके काढते आणि त्यांतले पहिलेच पत्रक बंदुकांविषयी आहे. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे समजून वागा, जिवंत काडतूस सेटवर आणूच नका, नळी कोणावरही रोखू नका, हा त्याचा गाभा आहे. आपल्या गटाला तर चालणाऱ्या शस्त्राची गरजच नाही. रबराचे किंवा लाकडाचे पिस्तूल वापरा. जाळ आणि आवाज संकलनाच्या वेळी घालता येतो आणि आज तो खोटा वाटत नाही. नट समोरच्यावर रोखत असल्याचे दाखवायचे असेल, तर कॅमेरा बाजूला ठेवून नळी थोडी तिरपी धरली तरी पडद्यावर ती सरळ रोखल्यासारखीच दिसते. एका माणसाकडेच ते पिस्तूल राहू द्या, दृश्य संपताच त्यानेच ते परत घ्यावे, आणि मधल्या वेळेत कोणीही ते खेळायला उचलू नये. हे रबराच्या पिस्तुलाबाबतही पाळा, कारण सवय हाताला लागते आणि उद्या त्याच हातात खरे शस्त्र येऊ शकते. आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार गटातल्या सर्वांत नव्या मुलालाही आहे, हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगा. त्याने तसे म्हटल्यावर उशीर झाला म्हणून त्याच्यावर कोणी चिडणार नाही, हेही त्याच वेळी ठरवून ठेवा.