प्रमाण जपानी शब्द नेमके कुठून पसरले?

प्रमाण जपानी शब्द टोकियोतच घडले आणि शाळा व रेडिओमुळे देशभर गेले असे म्हणता येईल का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते अर्धेच होकारार्थी आहे. १९०४ पासूनची सरकारी पाठ्यपुस्तके आणि १९२५ मध्ये सुरू झालेला रेडिओ यांचा वाटा मोठा आहेच. पण त्याआधी शतकानुशतके नवे शब्द जुन्या राजधानीतून, म्हणजे क्योतोहून, बाहेर पडत होते, आणि आजचे कितीतरी प्रमाण शब्द त्या जुन्या प्रवाहातून आलेले आहेत.

लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९३० मध्ये पुस्तकरूपाने मांडलेले गोगलगाईचे उदाहरण इथे पाहण्यासारखे आहे. क्योतोच्या परिसरात तिला देदेमुशी म्हणत, त्याबाहेर माइमाइ, मग कातात्सुमुरी, पुढे त्सुबुरी आणि ईशान्येच्या व नैऋत्येकडील क्यूशू बेटाच्या टोकांना नामेकुजी. पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांप्रमाणे सर्वांत जुना शब्द काठाला पोचलेला आणि सर्वांत नवा मध्यभागी, अशी ही मांडणी आहे. आज प्रमाण ठरलेला कातात्सुमुरी मधल्या कड्यातला असून तो टोकियोभोवतीच्या कान्तोत आणि पार पलीकडे शिकोकू बेटावरही आढळतो. टोकियोतून निघालेल्या शब्दाचा नकाशा असा दिसला नसता. प्रत्येक शब्दाची कडी इतकी रेखीव नसतात, हेही खरे. भाषाशास्त्रज्ञ तोकुगावा मुनेमासा यांनी अशा प्रसाराचा वेग वर्षाला साधारण एक किलोमीटर काढला होता.

पुढे सुमारे २४०० गावांतल्या वयस्क माणसांना विचारून तयार केलेला जपानचा भाषिक नकाशासंग्रह १९६६ ते १९७४ या काळात सहा खंडांत निघाला. त्यात चतुर या कीटकासाठी मध्यभागी तोम्बो दिसतो, तर ७१२ सालच्या कोजिकी या प्राचीन ग्रंथातला आकिझु ईशान्य जपान, दक्षिण क्यूशू आणि ओकिनावा इथे थोड्या बदललेल्या रूपात टिकून आहे.

मला सर्वांत बोलके वाटते ते दिवसांच्या नावांचे उदाहरण. आसात्ते म्हणजे परवा, इथवर सगळे सरळ आहे. तेरवाला, म्हणजे परवाच्या पुढच्या दिवसाला, मात्र पश्चिम जपानात शिआसात्ते आणि पूर्व जपानात यानोआसात्ते म्हणत. टोकियो शहराने पश्चिमेचा शिआसात्ते तेरवासाठी घेतला आणि आपला यानोआसात्ते एक दिवस पुढे ढकलला. आजूबाजूच्या गावांनी मात्र यानोआसात्ते जागेवर ठेवून शिआसात्तेला तेरवाच्या पुढचा दिवस दिला. त्यामुळे शहरातल्या माणसाने 'शिआसात्तेला येतो' म्हटले, तर जवळच्याच खेड्यातला म्हातारा त्याची वाट एक दिवस उशिरा पाहणार. आज प्रमाण आहे तो शिआसात्ते, म्हणजे पश्चिमेहून आलेला आणि टोकियोने पुढे पाठवलेला शब्द.

केवळ अंतरावरूनही अंदाज बांधू नये. उत्तरेचे होक्काइदो बेट टोकियोपासून तोहोकूपेक्षा, म्हणजे मुख्य बेटाच्या ईशान्य भागापेक्षा, दूर आहे. तरी तिथे प्रमाण शब्दांचा वापर तोहोकूपेक्षा जास्त आढळतो, कारण मेइजी काळात (१८६८ ते १९१२) निरनिराळ्या प्रांतांतून तिथे वसायला गेलेल्या लोकांना एकमेकांशी बोलण्यासाठी सर्वांना समजेल असाच शब्द निवडावा लागला.