लांडग्याच्या संकराचं पिल्लू आणताय? आठवडे नको, दिवस विचारा

'नऊ आठवड्यांचं आहे, म्हणजे लळा लागायचंच वय ना?' लांडगा-कुत्रा संकराच्या पिल्लाबद्दलचं हे तुमचं वाक्य वाचलं आणि पोटात गोळा आला. मी हेच म्हणालो होतो. माझं दहा आठवड्यांचं होतं, एवढाच फरक. कुंपण, खाणं, परवानगी हे तुम्ही बघालच, त्यात मी शिरत नाही. मी पशुवैद्य नाही, एका पिल्लाच्या अनुभवावर बोलतोय, आणि संकराचं पिल्लू कुणावर जाईल हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेवढं धरून वाचा.

माझी चूक ही, की मी त्याचं वय कुत्र्याच्या पंचांगावर मोजलं. कुत्र्याचं पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत जे बघतं त्याला सरावतं, असा तक्ता सगळीकडे मिळतो. तक्ता खोटा नाही, पण तो कुत्र्याचा आहे. संशोधक कॅथरिन लॉर्ड यांनी २०१३ साली दाखवलं, की लांडगा आणि कुत्रा, दोघांच्याही पिल्लांची ज्ञानेंद्रियं जवळपास एकाच वेळी जागी होतात: नाक दुसऱ्या आठवड्यात, कान चौथ्याच्या सुमारास, नजर सहाव्याच्या सुमारास. फरक पडतो तो पावलांत. लांडग्याचं पिल्लू दुसऱ्या आठवड्यातच हिंडायला लागतं, बहिरं आणि जवळपास आंधळं असताना, नुसतं हुंगत. पुढे कान उघडले की प्रत्येक आवाज दचकवतो, नजर आली की प्रत्येक आकार. कुत्र्याचं पिल्लू हिंडायला लागतं चौथ्या आठवड्यात, तोवर कान कामाला लागलेले असतात. सरावायचं वय लांडग्यात असं आधीच सुरू होतं, म्हणून लांडगे वाढवणारी संशोधन केंद्रं पिल्लं डोळे उघडायच्या आत, दहाव्या दिवसाच्या आसपास आईपासून घेतात, आणि मग माणसं रात्रंदिवस त्यांच्याजवळच राहतात. आपण दहाव्या आठवड्यात बिस्किटं घेऊन उभे!

हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. ज्या सल्ला केंद्रात गेलो (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही), तिथे 'लांडग्याचा संकर' हे शब्द ऐकूनसुद्धा हातात कुत्र्याचाच छापील तक्ता ठेवला. वर 'लसी पूर्ण होईपर्यंत कुणाला भेटवू नका' असंही सांगितलं. माणसांना सरावायची उरलीसुरली फटही आम्ही अशी आमच्याच हाताने बुजवली. पुढे प्रशिक्षणाच्या वर्गात ते पिल्लू गुरगुरलं, तर तिथल्या शिक्षकाने त्याला उताणं पाडून दाबून धरलं. म्हणे, म्होरक्या कोण ते कळू दे. पिल्लू जागच्या जागी मुतलं आणि निपचित पडलं. 'बघा, मानलं त्याने!' मीही मान डोलावली, ही लाज अजून आहे. त्यानंतर पट्ट्याची कडी वाजली तरी ते कपाटामागे जायचं.

ही म्होरक्याची गोष्ट आली अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७च्या निरीक्षणांतून, आणि ती बंदिस्त लांडग्यांची होती. रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९मध्ये स्पष्ट लिहिलं. जो विषय लांडग्यांच्या अभ्यासकांनी स्वतःच सुधारला, तो अजून वर्गात पैसे घेऊन शिकवतात. असो, पुन्हा डोकं तापतंय.

हट्टी आहे, असंही मला वाटायचं. आमची म्हातारी कुत्री डब्याचं झाकण निघालं नाही की माझ्या तोंडाकडे बघायची. हे पिल्लू एकदाही बघायचं नाही, डबाच फोडायचं. नंतर वाचलं, की अडकल्यावर माणसाकडे वळून बघणं हा कुत्र्याचा गुण. माणसांनी वाढवलेले लांडगेसुद्धा ते फारसं करत नाहीत, हे संशोधक मिक्लोशी आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये तपासलं होतं. म्हणजे ते मला झिडकारत नव्हतं. मदत माझ्याकडून मिळते हेच त्याच्या गावी नव्हतं. त्या म्हातारीच्या मागे मात्र ते शेपटासारखं फिरायचं. घरात शांत, मोठं कुत्रं असेल तर खरंच फरक पडतो. मारकुटं असेल तर उलटा. दुसऱ्या वर्षी अंगात तारुण्य आलं, येरझारा वाढल्या, आणि शेवटी मी त्याला मोठं आवार असलेल्या ठिकाणी सोडलं. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

तेव्हा विकणाऱ्याला वय विचारू नका. कितव्या दिवशी ते माणसाच्या हातात आलं, रात्री त्याच्याजवळ कोण झोपायचं, दूध कुणी पाजलं, हे विचारा. मग पिल्लाला अनोळखी असलेल्या माणसाला त्याच्या खोलीत नुसतं खाली बसवा आणि बघा, ते हुंगायला पुढे येतं की भिंतीला चिकटतं. 'आईपाशीच वाढलं, अगदी नैसर्गिक' असं कौतुकाने सांगितलं, तर मी तरी उठून निघेन. आणि उत्तरं काय मिळाली ते इथे लिहा. पैसे देण्याआधी.