मानेवरची लालसर जाळी: पॅकेजवर सही करण्याआधी

ताई, तुमचं वर्णन वाचून दचकलेच. मानेच्या दोन्ही बाजूंना लालसर-तपकिरी जाळी, ना खाज ना दुखणं, आणि ‘हनुवटीखालचा भाग मात्र कोरा’. हे शेवटचं वाक्य मी सात वर्षांपूर्वी जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यात तुमची मैत्रीण म्हणतेय की सहा सिटिंगचं लेझर पॅकेज घेऊन टाक. म्हणून हा पसारा लिहितेय.

मी डॉक्टर नाही. निवृत्त बँकवाली आहे. तुमचंही तेच असेल असं नाही, फोटोवरून कुणी सांगू पण नये.

माझ्या प्रकाराचं नाव पॉयकिलोडर्मा ऑफ सिव्हाट. सिव्हाट नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९२३ मध्ये त्याचं वर्णन केलं. नाव भयंकर, प्रकरण निरुपद्रवी. कॅन्सर नाही, संसर्ग नाही. वर्षानुवर्षांचं ऊन, गोरी कातडी, पाळी जाण्याच्या आसपासचं वय आणि मानेवर मारलेले सेंट, असं सगळं मिळून होतं म्हणतात. हनुवटीची सावली पडते तेवढाच भाग वाचतो. माझी उजवी बाजू जास्त लाल होती. का, तर वीस वर्षं स्वतः गाडी चालवली आणि ऊन उजव्या काचेतून यायचं. काच बंद असली तरी उन्हातले यूव्हीए (अतिनील) किरण बरेचसे आत येतातच, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

गजकर्ण समजून मेडिकलवाल्याकडचं मलम लावण्याचा मूर्खपणा मीही केला. दोन महिने. त्यात स्टिरॉइड होतं. त्याने कातडी पातळ होते आणि बारीक रक्तवाहिन्या आणखी दिसायला लागतात, म्हणजे जे लपवायचं तेच उठून दिसतं. तुम्ही काही लावत असाल तर ट्यूबवरची नावं डॉक्टरांना दाखवा.

पण खरा फटका बसला तो पॅकेजचा. एका चकाचक स्किन क्लिनिकमध्ये (नाव लिहीत नाही, विचारूही नका) पहिल्याच भेटीत पंचवीस मिनिटं बोलली ती काउंटरवरची मुलगी. डॉक्टर दोन मिनिटं डोकावले. आयपीएलच्या (कातडीवर तीव्र प्रकाशाचे झोत मारायचं मशिन) सहा सिटिंग, २४ हजार आगाऊ. दुसऱ्या सिटिंगच्या आठवडाभर आधी मी भाचीच्या लग्नाला कोकणात गेले होते. मे महिना, मांडवाबाहेर चार दिवस, मान चांगलीच रापलेली. फॉर्ममध्ये स्वच्छ लिहिलं होतं, ‘गेल्या चार आठवड्यांत उन्हात गेला होतात का?’ मुलगी म्हणाली, “मॅडम, खाली फक्त सही करा.” आणि मी केली! तीस वर्षं लोकांना ‘वाचून सही करा’ सांगणारी मी.

त्या प्रकाशाचं काम असं की तो लाल रक्तवाहिन्या आणि तपकिरी रंगद्रव्य शोधून तिथे उष्णता सोडतो. रापलेल्या कातडीत वरच्या थरातच रंग भरलेला असतो, मग ती उष्णता तिथेच उतरते. रात्री आग आग झाली. तीन दिवसांनी मशिनच्या तोंडाच्या मापाचे आयताकृती काळपट डाग, पट्टीने आखल्यासारखे. खपली गेल्यावर त्याच जागी पांढरट पट्टे. आधी जाळी होती, आता जाळीवर पट्ट्यांचं डिझाइन.

क्लिनिकचं म्हणणं, “तुमची स्किन सेन्सिटिव्ह आहे.” मग मी माझी फाइल मागितली: कोणता फिल्टर, किती ऊर्जा, कोणी केलं. पुढच्या डॉक्टरांना तेच हवं होतं. काउंटर म्हणे हेड ऑफिसला मेल करा, हेड ऑफिस म्हणे शाखेत विचारा. अडीच महिने. शेवटी उत्तर आलं की ते ‘अंतर्गत रेकॉर्ड’ आहे. अहो, माझ्या मानेचं रेकॉर्ड तुमचं अंतर्गत कसं? उरलेल्या चार सिटिंगचे पैसे परत नाहीत, ‘फेशियलमध्ये ॲडजस्ट करून देऊ’. पट्टे विरायला दीड वर्ष लागलं, दोन अजून तिरप्या उजेडात दिसतात.

आयपीएल वाईट असं मी म्हणत नाही. या प्रकारावर तेच, नाहीतर रक्तवाहिन्यांवरचं लेझर वापरतात, आणि चांगल्या हातात लाली बरीच उतरते. पण आपल्याकडच्या कातडीत रंग जास्त, त्यामुळे धोकाही जास्त. माझं मत कुणाला आवडो न आवडो: आधी निदान कागदावर, मग एका छोट्या जागेवर चाचणी, मग आठ-दहा आठवडे थांबून बघणं. आगाऊ पॅकेज मागणाऱ्याकडे जाऊच नका. आणि प्रत्येक सिटिंगनंतर वापरलेली सेटिंग लिहून घ्या, त्याच दिवशी.

मला शेवटी उपयोगी पडले ते सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतले त्वचारोगतज्ज्ञ. केसपेपर किरकोळ पैशांचा, रांग दोन तासांची. डर्मोस्कोपने (कातडी मोठी करून दाखवणारं भिंग) पाहिलं आणि पहिला प्रश्न, “सेंट कुठे मारता?” बर्गामोटसारखी (हे एक लिंबूवर्गीय फळ) काही सुगंधी तेलं ऊन लागलं की कातडीवर डाग पाडतात. आता अत्तर फक्त साडीच्या पदराला. सनस्क्रीन कानामागून कॉलरपर्यंत, बाहेर असले तर दर दोन-तीन तासांनी. बायका चेहऱ्याला चोपडतात आणि मान विसरतात. गाडीत सुती ओढणी. एवढ्यानेच वाढणं थांबलं. गेलं नाही, थांबलं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. मानेच्या लालीबरोबर पापण्यांवर जांभळट रंग, हात वर करताना किंवा जिना चढताना ताकद कमी पडणं, असं काही असेल तर थांबू नका, लगेच दाखवा. ते वेगळं दुखणं असू शकतं. आणि मान काळी, जाड, मखमलीसारखी लागत असेल तर आधी साखर तपासा.

दाखवायला जाल तेव्हा पावडर, क्रीम काही न लावता जा. मी पहिल्या भेटीला लाज वाटून कॉम्पॅक्ट थापून गेले होते, डॉक्टरांनी कापूस हातात देऊन परत बाहेर पाठवलं.