अठरावं लागतंय, पुढे काय?

प्रश्न : ताई, माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, मध्यम बौद्धिक दिव्यांगत्व. लहानपणापासून एकाच विशेष शाळेत आहे. बाईंनी सांगितलंय की येत्या वर्षी १८ पूर्ण झाले की नाव कमी होईल. मे महिन्याच्या सुट्टीत घरी असतो तेव्हाच किती चिडतो, दिवसभर टीव्ही आणि खाणं, वजनही वाढतं. मिस्टर म्हणतात राहू दे घरी, आपण आहोत ना. आमच्या गावात अशा मोठ्या मुलांना काम देणारी कार्यशाळा नाही. मला रात्र रात्र झोप लागत नाही. – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी शाळेवरचा राग जरा बाजूला ठेवा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वर्षं एवढाच आहे, त्यामुळे बाईंना कितीही वाटलं तरी त्यांच्या हातात फार काही नसतं. पण तुमच्या हातात अजून एक वर्ष आहे, आणि माझ्या अनुभवात बहुतेक पालक शाळा सुटल्यावर धावपळ सुरू करतात, तुम्ही आधी विचारताय हे फार चांगलं केलंत.

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो की याला कुठे टाकायचं, कार्यशाळा कुठली, हॉस्टेल कुठलं. मी म्हणते जागा नंतर शोधू, आधी त्याचा दिवस बांधा. शाळेने त्याला अक्षरं किती शिकवली ते जाऊ दे, पण सकाळी उठून आंघोळ करून डबा घेऊन बाहेर पडायचं, चार लोकांत बसायचं, दुपारी दमून घरी यायचं हे दिलं होतं. सुट्टीत नेमकं तेच जातं म्हणून तो चिडतो, त्याला सांगता येत नाही एवढंच.

मी कार्यशाळेत बरीच वर्षं काढली, एक मुलगा अजून डोळ्यांसमोर आहे. कागदी पिशव्या इतक्या सुरेख करायचा की खळ कुठे सांडलेली दिसायची नाही. त्याला रोज वडील स्कूटरवर आणायचे. वडिलांचं ऑपरेशन झालं आणि हा तीन महिने घरी, कारण एकट्याने यायचं कुणी शिकवलंच नव्हतं, आम्हीसुद्धा नाही! पिशव्या शिकवत बसलो आणि बस शिकवायची राहिली. नंतर शिकवली, आधी सोबत बसायचं, मग दोन सीट मागे, मग फक्त स्टॉपवर सोडायचं आणि पुढच्या स्टॉपवर दुसऱ्या कुणी उभं राहायचं, असं करत चार-पाच महिन्यांत तो एकटा यायला लागला. खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेलं कार्ड, बस्स.

म्हणून या वर्षात माझ्या मते तयारी ह्याची करा : स्वतःची दाढी, संडासात स्वतःची स्वच्छता, दार लावून कपडे बदलणं, "मला दुखतंय" आणि "मला नको" हे दोन्ही सांगता येणं. नको म्हणता येणं तर फारच महत्त्वाचं, आपण या मुलांना इतकं आज्ञाधारक करतो की उद्या कुणी अंगाला हात लावला तरी गप्प बसतील. पैशाचा हिशोब नाही जमला तरी चालेल, १४ रुपयांच्या वस्तूला २० ची नोट द्यायची आणि उरलेले मागायला हात पुढे करायचा एवढं जमतं बऱ्याच जणांना.

कामाचं म्हणाल तर त्याला काय आवडतं ते बघा आणि त्यालाच विचारा. बोलता येत नसेल तर दोन-तीन कामं समोर ठेवा, कुठल्याकडे हात जातो ते कळतंच. गावात ओळखीचं किराणा दुकान, नर्सरी, पिठाची गिरणी असेलच की. मालकाशी बोलून रोज दोन तास, एकच काम, त्याचे बारीक तुकडे पाडून. म्हणजे नर्सरीत पिशवीत माती भरायची असेल तर पिशवी उघडायची, माती टाकायची, या खुणेपर्यंत, बाजूला ठेवायची. खूण पिशवीवर पेनने करून द्या. सुरुवातीला तुम्ही सोबत थांबा आणि हळूहळू मागे सरा. आणि महिन्याला थोडे का होईना पैसे त्याच्या हातात पडू देत, पहिल्या पगाराचं काय घ्यायचं ते त्याने ठरवायचं, तुम्ही नाही.

मिस्टरांचं "आपण आहोत ना" हे प्रेमच आहे हो. पण त्यांना एकदा सांगा की दाढी आलेल्या मुलाला घरात सगळे बाळ म्हणून हाक मारतात, ती हाक बदलण्यापासून सुरुवात करू. आणि १८ झाल्यावर मतदार यादीत नाव घालाच, कोर्टाने तसं काही ठरवलं नसेल तर निव्वळ बौद्धिक दिव्यांगत्वामुळे मताचा हक्क जात नाही.

प्रश्न : मॅडम, मुलगी १९ ची आहे, ऑटिझम. बँकेत तिचं खातं चालू करायला गेलो तर पालकत्वाचं प्रमाणपत्र मागतात. मी बाप आहे तिचा, अजून कसला कागद पाहिजे यांना? मी जिल्हा परिषदेतून दोन वर्षांनी रिटायर होतोय. – एक वडील, नांदेड

उत्तर : तुमचा वैताग समजतो, पण १८ पूर्ण झाले की कायद्याने आई-वडीलसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत, हे कुणी आधी सांगतच नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चारांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा, कोर्टात जायची गरज नाही. पालकत्व मिळाल्यावर तिच्या नावावर काय आहे त्याची यादी सहा महिन्यांत द्यावी लागते आणि दरवर्षी हिशोब, तेव्हा पहिल्या दिवसापासून एक वही घाला. पण त्याआधी एक विचार करा, तिला व्यवहार थोडाफार कळतो का, सही किंवा अंगठा स्वतः करून खातं चालवू शकेल का? कळत असेल तर बँकेला तसं म्हणून बघा. पालकत्व म्हणजे तिचा निर्णय आपल्याकडे घेणं, जिथे लागेल तिथेच घ्यावं.

दुसरं, आणि हे रिटायर व्हायच्या आधी करा. स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं, महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ मध्ये तशी तरतूद आहे. तिचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र सर्व्हिसमध्ये असतानाच ऑफिसात लावा, पोच घ्या. आई-वडील दोघं गेल्यावर भावंडांनी हे कागद जमवायचे म्हणजे फार हाल होतात, मी पाहिलेत. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, मुदत लिहिलेली असेल तर तीही बघा. आणि नॅशनल ट्रस्टचाच निरामय विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात ओपीडी आणि थेरपीचाही खर्च येतो, आधी तपासण्या करून घ्याव्या लागत नाहीत.

प्रश्न : माझा भाऊ ३१ चा आहे, डाउन सिंड्रोम. आई-बाबा सत्तरीचे. मी पुण्यात नोकरी करते, उद्या तो माझ्याकडे येणार हे सगळ्यांनी धरलंय, मला कुणी विचारलं नाही. विचार केला तरी अपराधी वाटतं. – एक बहीण

उत्तर : अपराधी वाटून घेऊ नका गं. तुला कुणी विचारलं नाही तसं त्यालाही कुणी विचारलेलं नाही, पहिलं बोलणं तुम्हा दोघांचं होऊ दे. त्याला कदाचित मित्रांसोबत राहायला आवडेल. डोंबिवलीजवळ खोणीचं घरकुल, बदलापूरचं आधार, ही पालकांनीच एकत्र येऊन उभी केलेली घरं आहेत, मुळशीत कोळवणला साधना व्हिलेज आहे, तिथेही मोठी झालेली माणसं राहतात, काम करतात. प्रवेशाची गोष्ट नंतर, आधी नुसतं बघून तरी या, तिघं-चौघं मिळून, त्याला घेऊन. आणि आई-बाबा धडधाकट आहेत तोवर त्याला दोन-तीन रात्री घराबाहेर राहायची सवय लावा, आधी तुझ्याकडे, मग एखाद्या शिबिरात. आई गेल्यावर त्याच आठवड्यात घरही सुटलं असं त्याच्या बाबतीत व्हायला नको. पहिल्या रात्री आई फोन करणारच, करू दे, फक्त तो तिथल्या ताईंना करायला सांग, त्याला नको.