एनएचएसवर मुलांच्या ब्रेसेस: रेफरलचं आधी बघ
अगं, लेक बाराची होईपर्यंत थांबू नकोस, आत्ताच डेंटिस्टला रेफरलचं, म्हणजे ब्रेसेसच्या तज्ज्ञाकडे पाठवायचं, विचार, कारण इकडे इंग्लंडमध्ये १८ च्या आतल्या मुलांना एनएचएसवर (सरकारी आरोग्यसेवेत) ब्रेसेस फुकट असल्या तरी सरसकट मिळत नाहीत, आयओटीएन म्हणून १ ते ५ ग्रेड असते, उपचाराची किती गरज आहे ते सांगणारी, ४-५ असेल तर मिळतात, ३ असेल तर दात दिसतात कसे त्याचा स्कोअर किमान ६ लागतो. वरचे दात ६ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे असले की किमान ४. आमचं रेफरल गेलंच नव्हतं गं, आठ महिने पत्राची वाट बघत बसलो!! म्हणून कॉपी मागून घे, दोन आठवड्यांनी फोन कर. आणि रोज रात्री ब्रशिंगवर स्वतः लक्ष ठेव, हिरड्यांतून रक्त येत असेल तर नंबर लागूनही ब्रेसेस पुढे ढकलतात.