बॉक्समधली पांढरी बुरशी: आधी फवारा मारून बघ
बॉक्समध्ये वाढवलेल्या मायक्रोग्रीन्सवर (कोवळी असतानाच कापून खायची रोपं) पांढरी बुरशी दिसतेय म्हणतोस? अरे घाबरू नकोस, मुळा-मोहरीच्या मायक्रोग्रीन्सना तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुळांभोवती जो पांढरा कापूस दिसतो ना तो बऱ्याचदा बुरशी नसतोच, मूळकेस असतात, म्हणजे मुळांवरचे केसासारखे बारीक तंतू. पाण्याचा फवारा मार, मुळांना चिकटून दिसेनासे झाले की समज काही नाही. खरी बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी बियांवर, कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) पसरते, कुबट वास मारते. तो ट्रे सरळ फेक, मी जीव अडकून एक ठेवला तर शेजारचे दोन गेले.

पावसाळ्यात बाहेरच हवा इतकी दमट की हायग्रोमीटरचा (हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र) आकडा बघून डोकं नको फिरवूस, हवा हलती ठेव, जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा बॉक्सच्या वरती हवा बाहेर फेकेल असा लाव आणि खाली फट ठेव. कोंब आले की पाणी खालच्या ट्रेमधूनच. आणि बिया जरा विरळ पेर रे बाबा!