हवानातले ‘बदाम’

प्रश्न: क्यूबाच्या फोटोंत 1950च्या दशकातल्या अमेरिकन गाड्या दिसतात. त्या खरंच धावतात, की पर्यटकांपुरत्या?

उत्तर: धावतात तर! शेअर टॅक्सी म्हणून रोज दामटतात. गोलसर आकारामुळे तिथे त्यांना ‘आल्मेंद्रोन’, म्हणजे मोठा बदाम म्हणतात. फक्त बॉनेट उघडायचा हट्ट धरू नका. बाहेरून चकचकीत शेव्हरोले, आत मात्र कितीतरी गाड्यांत मूळ व्ही-8 जाऊन डिझेल इंजिन बसलेलं. मला तर त्या जुगाडाचंच कौतुक जास्त! 1962च्या अमेरिकी व्यापारबंदीनंतर सुटे भाग येणार कुठून? शिवाय 2011पर्यंत क्रांतीपूर्वीच्या, म्हणजे 1959आधीच्याच गाड्या मोकळेपणी विकता-घेता यायच्या. मग आजोबांची गाडी नातवाने भंगारात घालावी कशी?